उभ्या ग्राफिक्स कार्डासाठीची रायझर केबल: वस्तू चांगली, माहिती अपुरी

घरी स्वतःच्या हाताने जोडलेला हा माझा पहिलाच संगणक. ग्राफिक्स कार्ड कॅबिनेटच्या काचेतून समोरासमोर दिसावे या हौसेने मी हा उभा स्टँड आणि त्यासोबतची रायझर केबल, म्हणजे मदरबोर्डवरील स्लॉट आणि त्यापासून दूर बसवलेले कार्ड यांना जोडणारी लवचिक पट्टी, घेतली. तीन आठवड्यांच्या वापरानंतर मी तिला पाचपैकी तीन तारे देत आहे. कापलेले दोन तारे केबलच्या दर्जासाठी नाहीत, तर विक्रीच्या पानावर न दिलेल्या एका ओळीसाठी आहेत, कारण त्या ओळीअभावी माझे चार दिवस गेले.

माझ्याकडे रायझन ५ ५६०० प्रोसेसर, बी५५० मदरबोर्ड, १२ जीबीचे आरटीएक्स ३०६० कार्ड आणि ६५० वॉटचा एसएमपीएस (वीजपुरवठा करणारा भाग) आहे. जोडणी पूर्ण करून बटण दाबले की पंखे फिरत, पण डिस्प्ले येत नसे, आणि मदरबोर्डवरील चार सूचक दिव्यांपैकी व्हीजीएचा, म्हणजे ग्राफिक्समधील अडचण दाखवणारा, दिवा लागून राहत असे. सात-आठ प्रयत्नांत एखाद्या वेळी विंडोज सुरू होई, मात्र गेम उघडताच पडदा काळा पडे. या प्रोसेसरमध्ये अंगभूत ग्राफिक्स नसल्यामुळे मदरबोर्डच्या एचडीएमआयला मॉनिटर लावून पाहण्याचा मार्गही बंद होता.

साहजिकच संशय आधी इतर भागांवर गेला. रॅम काढून, खोडरबराने पुसून पुन्हा बसवली, आणि सेफ मोडमध्ये जाण्याची संधी मिळाली तेव्हा डीडीयू या ड्रायव्हर काढण्याच्या प्रोग्रामने ग्राफिक्सचा जुना ड्रायव्हर पूर्ण काढून नवा टाकला. विजेचा हिशेबही तपासला: हे कार्ड सुमारे १७० वॉट घेते, स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनांच्या जोडातून १५० वॉट मिळू शकतात, म्हणजे तिथे कमतरता नव्हती. खरा धागा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, सापडला. तिथे व्हिया-लॉगरच्या (हार्डवेअरमधील चुका टिपणाऱ्या भागाच्या) १७ क्रमांकाच्या नोंदी ओळीने पडलेल्या होत्या आणि प्रत्येकीत पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचा, म्हणजे कार्डाला संगणकाशी जोडणाऱ्या मार्गाच्या मूळ टोकाचा, उल्लेख होता. स्टँड बाजूला ठेवून कार्ड थेट स्लॉटमध्ये बसवले, तर पहिल्याच झटक्यात डिस्प्ले आला आणि दोन तास गेम चालवूनही काही बिघडले नाही.

तरीही केबल खराब नव्हती. ती पीसीआय एक्सप्रेसच्या ३.० या आवृत्तीसाठी बनवलेली आहे, तर माझा बोर्ड आणि कार्ड दोन्ही ४.० चे आहेत. दोघांतील जोडणी कमी वेगाने सुरू होते आणि मग दोघांनाही झेपेल अशा सर्वाधिक वेगावर जाते. मधली केबल ही केवळ तारांची पट्टी असल्याने तिची मर्यादा या दोघांना कळत नाही, आणि प्रत्येक मार्गिकेवर (माहिती वाहून नेणाऱ्या वाटेवर) सेकंदाला ८ ऐवजी १६ गिगाट्रान्सफरचा वेग आला की संदेशांत चुका होऊ लागतात.

उपाय पाच मिनिटांचा आहे, पण क्रम महत्त्वाचा आहे. कार्ड थेट स्लॉटमध्ये असतानाच बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन पीसीआयई, म्हणजेच पीसीआय एक्सप्रेस, स्लॉटचा वेग ‘ऑटो’वरून ‘जेन ३’ (म्हणजे ३.०) करावा, बदल जतन करावा, संगणक बंद करून प्लग काढावा आणि मगच केबल लावावी. जीपीयू-झेड या कार्डाची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये खात्री करताना कार्डाला काम देऊन पाहावे, कारण कार्ड रिकामे असताना तिथे १.१ ही आवृत्ती दिसते आणि उगाच धास्ती वाटते. पुढे बायोस अद्ययावत केले किंवा सीमॉस रिसेट केले (बायोसची सेटिंग पुसली), तर सेटिंग परत ‘ऑटो’वर जाते आणि डिस्प्ले पुन्हा जाऊ शकतो.

आरटीएक्स ३०६० ला सोळा मार्गिका असल्याने ३.० वर मला गेममध्ये जाणवण्याजोगा फरक दिसला नाही. आरएक्स ६५०० एक्सटीसारख्या चारच मार्गिका असलेल्या कार्डासाठी मात्र ही केबल मी सुचवणार नाही, कारण वाटा कमी असल्या की वेग निम्मा झाल्याचा फटका जास्त जाणवतो.

बाकी बांधणी उत्तम आहे. स्टँडचा पत्रा जाड आहे, कार्ड जराही झुकत नाही आणि स्लॉटची खिट्टी घट्ट बसते. केबल थोडी ताठ असल्यामुळे वळवताना घाई करू नये. माझ्या कॅबिनेटमध्ये कार्डाचे पंखे काचेपासून जेमतेम दोन बोटांवर येतात, त्यामुळे तापमान आडव्या मांडणीपेक्षा काही अंशांनी जास्त राहते, आणि अरुंद कॅबिनेट असणाऱ्यांनी हे अंतर आधी मोजून घ्यावे.

विक्रेत्याच्या पानावर ‘सर्व कार्डांना चालते’ असे ठळक लिहिले आहे, तर ३.० हा आकडा फक्त केबलवरच्या बारीक लेबलवर आहे, जो खोके उघडल्यावरच दिसतो. पहिल्यांदाच संगणक जोडणारा माणूस अशा वेळी महागडे कार्डच जळाले असे समजून ते परत पाठवू शकतो. मीही दुसऱ्या दिवशी तसा अर्ज भरायला घेतला होता. आवृत्तीचा आकडा आणि ‘जेन ३’ची सूचना पानावर आली, तर मी कापलेले दोन्ही तारे परत देईन.