जाड कोटिंग: भेगांचं घ्यावं की भोकांचं?

धातूच्या भागाला उष्णतेपासून वाचवायला त्यावर प्लाझ्मा गनने झिर्कोनिया या सिरॅमिकचा थर मारतात. तो पाव मिलिमीटरचा मारायचा असेल तर फार डोकं चालवायची गरज नाही. ब्लास्टिंग (धातू खरखरीत करणं) ताजं असलं आणि बाँड कोट (धातू आणि झिर्कोनियाला जोडणारा मधला थर) नीट बसला की काम निभतं. खरी पंचाईत मिलिमीटरच्या पुढे होते. थर जाड होत जातो तसा त्यात साठणारा ताणही वाढतो, आणि एखाद्या दिवशी हाताच्या तळव्याएवढा पोपडा बाँड कोटपासून सुटून जॉबच्या, म्हणजे कोटिंग मारलेल्या भागाच्या, शेजारी पडलेला दिसतो.

यातून सुटायच्या वाटा मुख्यतः दोन. एक तर थरात इतकी भोकं ठेवायची की तो मऊ राहील आणि खालच्या धातूबरोबर थोडाफार वाकेल. नाहीतर थर घट्ट मारायचा, पण त्यात मुद्दाम उभ्या भेगा पाडायच्या, म्हणजे धातू फुगला की भेगा उघडतात आणि निवला की मिटतात. ड्रॉइंगवर 'पोरस' आणि 'सेगमेंटेड' लिहिलेलं असतं, आमच्या शेडमध्ये मात्र 'भोकंवालं' आणि 'भेगावालं'. दोन्ही मी भोसरीतल्या एका जॉब शॉपमध्ये मारली आहेत. जॉब गॅस टर्बाइनच्या ज्वलनकक्षातल्या हीट शील्डचे, झिर्कोनियाची जाडी सव्वा मिलिमीटरच्या आसपास, गन जुनी नाइन-एमबी, पावडर नेहमीची, झिर्कोनियात ७-८ टक्के इट्रिया मिसळलेली. तेव्हा पुढचं सगळं या अनुभवापुरतं. तुमच्याकडे तीन कॅथोडची नवी गन आणि रोबो असेल तर माझ्या तक्रारी निम्म्याने कमी करून वाचा.

आधी भेगावाल्याची बाजू मांडतो, कारण कागदावर तेच जिंकतं. १९९१ च्या अमेरिकन पेटंटपासून त्याचा हिशोब ठरलेला आहे: घनता सैद्धांतिक घनतेच्या ८८ टक्क्यांच्या वर, आणि दर इंचाला निदान २० उभ्या भेगा. पहिल्यांदा कूपन (जॉबबरोबरच कोटिंग मारलेला नमुन्याचा तुकडा) कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरलं तेव्हा मला मे महिन्यातलं काळं रान आठवलं. तसंच भेगाळलेलं, फक्त बाजूने पाहिलेलं. कारणही तेच, आकसणं. गन नेहमीच्या १००-१२० मिलिमीटरवरून ६०-७० वर आणायची, पॉवर वाढवायची, जॉब ५०० अंशांच्या आसपास तापलेला ठेवायचा. गरम थरावर पडलेला वितळलेल्या पावडरीचा थेंब खालच्याला घट्ट चिकटतो, निवताना आकसतो आणि उभा फाटतो. खालच्या पासमधली (पास म्हणजे गनची एक फेरी) भेग वरच्या पासमध्ये चढत जाते. काम संपल्यावर जॉब निवताना जवळ उभं राहिलात तर बारीक टिकटिक ऐकू येते.

थर्मल शॉकमध्ये हे कोटिंग खरंच दणकट. बर्नरच्या ज्वाळेखाली तापवून हवेने झटकन थंड करायची आमची घरगुती चाचणी भेगावाल्या कूपननी जास्त वेळा सोसली, हे मान्य करायलाच हवं. झीजही कमी. जवळून मारल्यामुळे पावडर जास्त चिकटते, धूळ कमी उडते. पोरस मारताना निम्म्याहून जास्त पावडर डस्ट कलेक्टरमध्ये जाताना पाहणं जिवावर येतं, कारण झिर्कोनिया काही स्वस्त नाही.

मग अडलं कुठे?

हे काम मध्येच थांबवता येत नाही, तिथे अडलं. भेग वर चढायची तर खालचा थर गरमच हवा. तो निवला आणि तुम्ही पुन्हा सुरू केलंत, की जुन्या-नव्या थरांच्या सांध्यावर आडवी भेग पडायची भीती. आडवी भेग म्हणजे पुढच्या पोपड्याची कोरलेली रेघच. आणि ती वरून दिसत नाही! जॉब छान दिसतो, जाडी बरोबर भरते, ठोकून पाहिलं तरी आवाज ठणठणीत. कूपन कापल्यावरच कळतं.

एका जुलैत आमचे चार जॉब फिक्स्चरवर गोल फिरत होते. दोन तृतीयांश जाडी झाली होती. दमट हवेने पावडर ओल धरते म्हणून आम्ही ती आदल्या रात्री ओव्हनमध्ये ठेवायचो, तशी ठेवलीही होती. तरी नळीत गोळा अडकला. ऑपरेटरने गन बाजूला नेली, नळी झटकली, फीडर पुन्हा लावला. सगळे मिळून सहा-सात मिनिटं. तेवढ्यात पायरोमीटरचा (जॉबचं तापमान दुरून मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा दीडशेच्या खाली आलेला. गन नुसती फिरवून जॉब पुन्हा तापवले, उरलेले पास मारले, आणि मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं. दुसऱ्या दिवशी कूपन कापलं तर थराच्या बरोबर दोन तृतीयांश उंचीवर आडवी रेघ, पट्टी लावून ओढल्यासारखी. चारही जॉब स्ट्रिप करून पुन्हा पहिल्यापासून. सव्वा मिलिमीटर झिर्कोनिया उतरवणं हा स्वतंत्र छळ आहे, त्याबद्दल इथे न बोललेलं बरं.

असं एकदाच झालं असतं तर नशीब म्हणून सोडलं असतं. पण शॉपफ्लोअर म्हणजे अडथळ्यांचीच जागा. कधी वीज जाते, कधी नोझल जुनं होऊन व्होल्टेज उतरतं आणि गन गुठळ्या थुंकायला लागते, कधी आर्गॉनचं सिलिंडर बदलायचं राहिलेलं असतं. भेगावाल्या कोटिंगला यातलं काहीच खपत नाही.

भोकंवाल्याचं याच्या बरोबर उलट. जसजसा थर जाड होतो तसतशी उष्णता खाली उतरेनाशी होते, कारण आपण मारतोय तेच मुळी उष्णतारोधक. पृष्ठभाग तापत जातो, वरचे पास घट्ट व्हायला लागतात, आणि नको असताना तिथे भेगा पडतात. उपाय काय, तर मागून-पुढून हवेचे झोत आणि दर काही पासनंतर विश्रांती. म्हणजे थांबणं हा इथे प्रक्रियेचाच भाग. नोझल बदला, पावडर भरा, चहा घेऊन या. जॉब दीडशेच्या खाली राहतो, मास्किंग टेप जळत नाही, फिक्स्चर वाकत नाही. ॲल्युमिनियमच्या पिस्टनवर जाड थर द्यायचा असेल तर दुसरा पर्यायच नाही. ५०० अंशांना तो पिस्टन पिस्टन राहणार नाही.

उष्णता अडवण्यातही भोकंवालं सरस. ढोबळमानाने पोरस थराची उष्णतावाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास धरतात, घट्ट भेगावाल्याची त्याच्या दीडपटीपर्यंत जाते. म्हणजे तेवढंच तापमान उतरवायला भेगावालं आणखी जाड मारावं लागतं. शिवाय उभ्या भेगा म्हणजे वरून बाँड कोटपर्यंत मोकळी वाट. इंजिन धूळ खाणारं असेल तर ती वितळलेली धूळ सरळ खाली उतरते. पोरस थरातही ती मुरतेच, पण तिथे वाट वाकडीतिकडी असते.

भोकंवाल्याची दुखणी लपवत नाही. भोकांसाठी पावडरीत पॉलिस्टर मिसळतो, ते नंतर भट्टीत जाळून काढावं लागतं, आणि तो वास कपड्यांना घरापर्यंत येतो. नोझल झिजलं की ज्वाळा बदलते, मग पॉलिस्टर किती टिकलं आणि किती आधीच जळालं याचा भरवसा नाही. सकाळच्या कूपनमध्ये १८ टक्के भोकं, संध्याकाळच्यात १४. कडा नखाने टोकरल्या तरी भुगा पडतो, त्यामुळे पॅकिंग करणाऱ्या पोरांना दहा वेळा बजावावं लागतं. आणि कूपन पॉलिश करताना रेझिन व्हॅक्यूममध्ये मुरवलं नाही तर कण उपटून निघतात, खोटी भोकं दिसतात. एकदा आमचा एक चांगला लॉट या खोट्या भोकांपायी नापास होता होता वाचला. पण ही सगळी दुखणी दिसणारी आहेत. काय बिघडलंय ते त्याच दिवशी कळतं, आणि बहुतेक वेळा सगळा जॉब उतरवावा लागत नाही.

ड्रॉइंगवरच दर सेंटीमीटरला इतक्या भेगा असं लिहिलं असेल तर प्रश्न मिटला, तुम्हाला निवड नाही. दिवसातून अनेकदा चालू-बंद होणारं यंत्र असेल तर भेगावाल्याचा विचार जरूर करा, तुमची गन आणि वीज भरवशाची असेल तर आणखी जरूर. १२०० अंशांच्या वर दीर्घकाळ चालवायचं असेल तर या पावडरीची स्वतःचीच मर्यादा आड येते, दोन्हींत फार फरक नाही. बाकी निवड माझ्यावर सोपवली तर मी भोकंवालंच सुचवतो, आणि गिऱ्हाईक सहसा ऐकतं.

भेगावालं काम अजूनही अधूनमधून येतं. नाही म्हणत नाही. गुरुवारची सुट्टी आणि वीजदुरुस्ती उरकली की शुक्रवारी घेतो. नवं नोझल, नवे सिलिंडर, काठोकाठ भरलेला हॉपर, आणि डबा सकाळी अकरालाच खाऊन घ्यायचा.