मुक्कामाच्या गाडीसाठी सौर वीज: टपावरचे पॅनेल, घडीचे पॅनेल की अल्टरनेटर?

पिकअपच्या हौद्यावर केबिन बांधून मुक्कामाची गाडी केली की सुरुवातीचे काही दिवस दिवे आणि पंखा गाडीच्याच बॅटरीवर चालतात, आणि मग एखाद्या पहाटे स्टार्टर फिरत नाही. त्यामुळे केबिनला स्वतंत्र बॅटरी लागणार हे उघड आहे. विचार करायचा तो ती भरायची कशी याचा. टपावर पक्के बसवलेले पॅनेल, उतरवून जमिनीवर मांडण्याचे घडीचे पॅनेल आणि चालत्या गाडीचा अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज तयार करणारे यंत्र) असे तीन मार्ग आहेत, आणि खानदेशात त्यांची तुलना करताना उन्हाइतकाच उकाड्याचाही हिशेब धरावा लागतो.

आधी गरज मोजावी. ४५ वॅटचा छोटा फ्रिज मे महिन्यात दिवसाकाठी सुमारे १४ तास चालतो असे धरले तर ६३० वॅट-तास होतात. २८ वॅटचा पंखा ८ तास चालवला तर २२४, आणि दिवे व मोबाईल मिळून ८० धरावेत. म्हणजे एकूण सव्वानऊशेच्या पुढे. २०० वॅटचे पॅनेल पाच तासांच्या पुरत्या उन्हात, घट वजा जाता, सुमारे ७०० वॅट-तास देते. म्हणजे फ्रिज असेल तर ते एकटे पुरत नाही. फ्रिज नसेल तर मात्र १०० वॅटचे एक पॅनेलही पुरते.

टपावरच्या पॅनेलची मोठी सोय म्हणजे ते रोज मांडावे लागत नाही आणि गाडी चालू असो वा उभी, भरणे सुरूच राहते. पॅनेलवर छापलेले वॅट मात्र २५ अंश तापमानाचे असतात. हवा ४४ अंशांवर असताना टपावरचे पॅनेल ७० अंशांपर्यंत तापते आणि प्रत्येक अंशामागे सुमारे ०.४ टक्के शक्ती कमी होते. म्हणजे सुमारे १८ टक्के हिस्सा उष्णतेतच जातो. म्हणून पत्र्याला चिकटवायचे लवचिक पॅनेल आपल्याकडे घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. चौकटीचे पॅनेल दोन-तीन इंच उंच स्टँडवर बसवावे. खालून वारा खेळतो आणि पॅनेलची सावली पत्र्यावर पडून केबिनही कमी तापते.

खरी अडचण सावलीची आहे. डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेत तापीकाठच्या मोकळ्या मैदानावर गाडी दिवसभर उन्हात उभी राहिली तरी सोसते, मे महिन्यात ते शक्य नसते. यावल तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी मी गाडी निंबाजवळ लावली होती. टपावर १०० वॅटची दोन पॅनेल समांतर जोडलेली होती आणि कंट्रोलरवर, म्हणजे पॅनेल व बॅटरी यांच्यामध्ये बसून भरणे आवरणाऱ्या उपकरणावर, ९ अँपिअरचा आकडा दिसत होता. तासाभरात एका फांदीची सावली एका पॅनेलच्या कडेवर सरकली आणि आकडा साडेचारवर आला. सावली हातभरच होती, पण पॅनेलचा अर्धा भाग बंद पडला की उरलेल्या अर्ध्याचे व्होल्टेज बॅटरीपेक्षा कमी पडते आणि ते पॅनेल काहीच देत नाही. हीच दोन पॅनेल एकामागोमाग जोडली असती, तर माझ्या साध्या कंट्रोलरवर पुरत्या उन्हातही आकडा साडेचारच्या पुढे गेला नसता.

घडीचे पॅनेल इथे उपयोगी पडते. गाडी झाडाखाली आणि पॅनेल दहा-बारा फुटांवर उन्हात, शिवाय ते सूर्याकडे वळवता येते. परंतु ते रोज काढावे आणि आवरावे लागते, वावटळीत उलटते आणि यात्रेच्या गर्दीत त्याच्यावर लक्ष ठेवावे लागते. लांब तारेतही वीज जाते: १० अँपिअरचा प्रवाह पाच मीटर अंतरावरून आणताना अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत पाऊण व्होल्ट पडतो, सहाच्या तारेत साधारण ०.३.

अल्टरनेटरला बरेच जण कमी लेखतात. धुळ्याहून जळगाव सुमारे ९० किलोमीटर आहे. दोन तासांच्या त्या प्रवासात २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (अल्टरनेटरची वीज योग्य व्होल्टेजवर आणून केबिनची बॅटरी भरणारा) ४० अँपिअर-तास, म्हणजे ५०० वॅट-तास भरतो, तेही ढगाळ श्रावणात. नव्या गाड्यांचे अल्टरनेटर व्होल्टेज कमी-जास्त करतात, म्हणून दोन बॅटऱ्या थेट जोडणाऱ्या नुसत्या रिलेवर (विजेवर चालणाऱ्या स्विचवर) भागवू नये. मोठ्या ट्रकची यंत्रणा २४ व्होल्टची असते, हे चार्जर घेण्याआधी पाहावे. एकाच जागी चार दिवस मुक्काम असेल तर मात्र हा मार्ग निरुपयोगी ठरतो.

कंट्रोलरच्या बाबतीत दुकानदार सरसकट एमपीपीटी, म्हणजे पॅनेलचे जास्तीचे व्होल्टेज प्रवाहात बदलणारा प्रकार, सुचवतात. १२ व्होल्टच्या पॅनेलचे कामाचे व्होल्टेज थंडीत १८ असते, पण ७० अंशांवर ते १५ च्या आसपास येते आणि भरत असलेली बॅटरी साडेतेरा ते साडेचौदा व्होल्टवर असते. त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात त्या पॅनेलवर पीडब्ल्यूएम (पॅनेल जवळजवळ थेट बॅटरीला जोडणारा साधा प्रकार) आणि एमपीपीटी यांत फारसा फरक उरत नाही. घरावरचे जास्त व्होल्टेजचे पॅनेल वापरणार असाल, तर मात्र एमपीपीटीच हवा.

बॅटरीत लिथियम आयर्न फॉस्फेट महाग असली तरी हलकी असते आणि ८० टक्क्यांहून अधिक वापरता येते. ट्युब्युलर, म्हणजे घरच्या इन्व्हर्टरला असते तशी शिसे-आम्लाची बॅटरी, निम्मीच वापरावी. ती भरताना हायड्रोजन सोडते, म्हणून झोपायच्या जागेत नको.

फ्रिज असलेल्या आणि दर दोन-तीन दिवसांनी जागा बदलणाऱ्या कुटुंबाने टपावर २०० वॅट आणि सोबत डीसी-डीसी चार्जर घ्यावा. घडीचे पॅनेल एक उन्हाळा काढल्यावर, गरज भासली तरच. एका झाडाखाली आठवडाभर राहणाऱ्यांनी आधी घडीचेच घ्यावे. बॅटरीलगत फ्यूज हवाच. तारांसाठी टपाला पाडलेल्या छिद्रात रबरी ग्लँड बसवून मृगाआधी त्यावर बादलीभर पाणी ओतून पाहावे.