सिल कापून नवा पत्रा लावला, त्याला दहा महिने झाले: २००४ची मारुती ८००

आमची ८०० बाबांनी घेतलेली, दोनदा रजिस्ट्रेशन वाढवून अजून रोज वापरात आहे. ऑगस्ट २०२४मध्ये बडोद्यात विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या कारेलीबागेत शिरलं, तेव्हा ती दोन दिवस दाराच्या खालच्या कडेपर्यंत पाण्यात उभी होती. इंजिन वाचलं, म्हणून आम्ही निर्धास्त झालो. तिथेच चुकलं.

एका गॅरेजने खालून धुऊन लगेच काळं डांबरी कोटिंग मारून दिलं. आतलं कार्पेट वरून कोरडं लागायचं, पण त्याखालचं जाड फेल्ट कितीतरी दिवस ओलं होतं. मार्च २०२५मध्ये पंक्चर झालं, जॅक लावला, तर गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच कर्रकन सिलमध्ये, म्हणजे दाराखालच्या पोकळ पट्टीत, घुसला. कोटिंग खरवडलं, तेव्हा पत्रा पापडासारखा सुटत होता. बाहेरून आम्ही झाकण घातलं आणि ओल आत कोंडली.

रस्ट कन्व्हर्टरची बाटली मीही आणली होती. त्यातलं फॉस्फोरिक अ‍ॅसिड वरवरच्या गंजाचं काळ्या, टिकाऊ थरात रूपांतर करतं, हे खरं आहे. पण खाऊन गेलेली जाडी ते परत आणत नाही. ८००ला जीपसारखी वेगळी चॅसिस नाही. दोन्ही बाजूंचे सिल, फ्लोअर, पुढच्या सस्पेन्शनचे टॉवर हाच तिचा सांगाडा. तिथे भोक पडलं की औषध, फायबर, लांबी (पुट्टी) यांपैकी कशाचाच उपयोग नाही. लांबी भरून रंग मारलेलं सिल बाहेरून छान दिसतं, म्हणून जास्तच धोक्याचं. लोहचुंबक फिरवून बघा, लांबीवर तो धरत नाही.

प्रतापनगरकडच्या एका कारागिराने स्क्रूड्रायव्हरने टोचत टोचत अख्खं डावं सिल तपासलं आणि म्हणाला, "अंदरथी सडी गयुं छे, साहेब." टोचताना जिथे टणक लागलं, तिथे त्याने खडूने रेघ ओढली आणि तिथपर्यंत कापलं. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी अँगल तात्पुरता टॅक केला (वेल्डिंगच्या ठिपक्यांनी धरून ठेवला), कारण सिल निघालं की चौकट खचते आणि मग दार कधीच नीट बसत नाही. बॅटरी आणि ईसीएमचं (इंजिनच्या कॉम्प्युटरचं) कनेक्शन काढलं, फ्लोअरखालून जाणारी पेट्रोलची पाइप सोडवली. ही तयारी न करता कोणी वेल्डिंग सुरू करत असेल, तर गाडी तिथून घेऊन या.

नवा पत्रा २० गेजचा सीआरसी (कोल्ड रोल्ड), जॅक लागतो तिथे जास्त जाड, १८ गेज. वेल्डिंग सीओटूने, तेही सलग नाही. एक टाका इथे, दुसरा वीतभर लांब, म्हणजे पत्रा तापून वाकत नाही. एकावर एक येणाऱ्या कडांना आधी झिंक प्रायमर, नंतर जोड बुजवणारं सीम सीलर. एका बाजूचे साडेनऊ हजार झाले. मला ते पटले.

मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने सिलच्या आतला रंग जळतो, आणि तो बाहेरून दिसत नाही. म्हणून लांब नळीने पोकळीत कॅव्हिटी वॅक्स मारणं हा माझ्या मते या कामाचा निम्मा भाग आहे. तो मी हट्टाने करून घेतला. मे महिन्यात उन्हाने वॅक्स ठिबकायचं, पार्किंगमध्ये डाग पडले, गाडीत वास येत राहिला. पावसाळ्यापर्यंत ते थांबलं. सिलच्या खालची पाणी निघायची भोकं तेव्हा वॅक्सने बुजली होती, ती तारेने मोकळी केली. दारांच्या खालची भोकंही तशीच बघावी लागतात. आमच्याकडे त्यात चिखलच होता.

अख्खा पावसाळा गाडी उघड्यावर होती. गेल्या आठवड्यात मोबाइलला जोडायचा छोटा कॅमेरा सिलच्या भोकातून आत घातला. वॅक्सचा थर सलग आहे, लाल डाग एकही नाही. जॅक टणक धरतो. पावागडला चार माणसं बसवून जाऊन आलो, खड्ड्यात डावीकडून येणारा कुरकुर आवाज गेला आहे आणि बाबांना डावं दार आपटावं लागत नाही.

पुढच्या डाव्या मडगार्डच्या आत, जोडावर, बोटभर गंज परत आला आहे. तिथे सीम सीलर लावायचं राहून गेलं होतं. अजून तो वरवरचाच आहे, टोचून पाहिलं. खरवडून तिथे कन्व्हर्टर लावणार आहे, वर प्रायमर आणि सीलर. उजव्या सिलच्या मागच्या टोकाला मात्र स्क्रूड्रायव्हर थोडा दबला, म्हणून एप्रिलमध्ये, पाऊस यायच्या आत, त्याच कारागिराकडे ती बाजू उघडायची ठरवली आहे.