एमसीआर सँडलचे नऊ महिने आणि मागच्या पट्ट्याचं भांडण

भाजी मंडईत एका भाजीवालीने मागून हाक मारली, "ओ बाई, चप्पल राहिली बघा तुमची!" वळून पाहिलं तर माझी डाव्या पायातली सँडल वीसेक पावलं मागे कोथिंबिरीच्या ढिगाजवळ पडलेली. मागच्या पट्ट्याचं वेल्क्रो सुटलं होतं, पाय सँडलमधून निघून आला होता आणि मी तशीच चालत पुढे आले होते. मला काहीच कळलं नव्हतं. तिथेच एका पायरीवर बसून तळवा उलटा करून पाहिला. जखम नव्हती, पण काळजाचं पाणी झालं. त्या रात्री ठरवलं की या सँडलबद्दल सविस्तर लिहायचंच. मग लिहीन लिहीन म्हणता आणखी पाच महिने गेले आणि दरम्यान माझं मतही बदललं. म्हणून आता सगळंच लिहिते.

मला मधुमेह होऊन १४ वर्षं झाली. ज्यांच्या पायांना मुंग्या येतात, रात्री आग होते आणि मग हळूहळू काहीच होईनासं होतं, त्यांना एमसीआर काय असतं हे सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी, एमसीआर म्हणजे मायक्रोसेल्युलर रबर, बधिर पायांना जपण्यासाठी सँडलच्या आत बसवतात ते दबून पुन्हा वर येणारं रबर. माझ्या बाबतीत ते 'काहीच होईनासं' मागच्या फाल्गुनात कळलं. देवीच्या दर्शनाला भर दुपारी गेले होते. आवारातल्या फरशीवर बाकीच्या बायका पाय उचलून सावलीकडे पळत होत्या आणि मी निवांत चालत होते. मला वाटलं, आपल्याला ऊन सोसतं. दुसऱ्या दिवशी सुनेला न्हाणीपासून स्वयंपाकघरापर्यंत ओल्या पावलांच्या ठशांत लालसर पाणी दिसलं. दोन्ही तळव्यांना फोड आले होते आणि उजवा फुटला होता.

जखम भरायला सात आठवडे लागले. एक दिवसाआड ड्रेसिंग, दर वेळी १५० रुपये आणि रिक्षाचे जाऊन-येऊन ८०. पंचवीस फेऱ्या झाल्या, म्हणजे पावणेसहा हजार, औषधं वेगळी. हा हिशोब मुद्दाम देते आहे, कारण सँडलची किंमत १,६५० ऐकल्यावर आमच्या घरी सगळ्यांचे डोळे मोठे झाले होते. आमचे हे म्हणाले, "चारशेत मऊ चप्पल मिळते की." मिळते. माझ्याकडे होतीही. तिचा तळ इतका मऊ की खालून काटा लागला तर आरपार येईल, महिनाभरात टाचेखाली चपटी होते आणि मागे पट्टा नाही. तेव्हा स्वस्त चप्पल की महाग सँडल, हा प्रश्न माझ्यापुरता त्या पंचविसाव्या ड्रेसिंगलाच संपला.

डॉक्टरांनी डोळे मिटायला सांगून तळव्यावर ठिकठिकाणी १० ग्रॅमचा नायलॉनचा धागा टेकवला. "लागलं की सांगा," म्हणाले. मी दहापैकी चार वेळा सांगितलं. मग कंपनाचं यंत्र लावलं. कंपन जाणवायला उजव्या पायाला २८ व्होल्ट लागले, डाव्याला २४. २५च्या वर गेलं की जखमेचा धोका फार वाढतो, हे त्यांनी कागदावर आकृती काढून समजावलं. ज्यांना मधुमेह होऊन पाच-सात वर्षं झाली आहेत आणि ही तपासणी एकदाही झालेली नाही, त्यांनी कृपा करून साखरेच्या पुढच्या तपासणीला जाल तेव्हा चपला काढून पाय पुढे करा. माझे पाय १४ वर्षांत कोणी पाहिले नव्हते आणि मीही दाखवले नव्हते.

मेच्या सुरुवातीला सँडल आली. सासूबाईंनी पाहिली आणि गप्प झाल्या. रात्री मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "अगं, ही तर महारोगाच्या दवाखान्यात द्यायचे तसली चप्पल. लोक काय म्हणतील?" त्यांचं चूक नव्हतं. हे आतलं काळं रबर खरोखर तिथूनच आपल्याकडे आलं आहे. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांची बोटं आपोआप झडत नाहीत, वेदना कळत नसल्यामुळे जखमांवर जखमा होऊन ती जातात, हे त्यांनी दाखवून दिलं. पुढे अमेरिकेत गेल्यावर त्यांनी तोच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की आजार वेगळा, पण पायाचं दुखणं एकच, आणि दुखणं म्हणजे न दुखणं. त्या ८२ वर्षांच्या आहेत. थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "मग घाल बाई. मी कोणाला काही बोलू देणार नाही." या चपलेची लाज वाटून ती कपाटात ठेवणारे कितीतरी लोक असतील. मला माझ्या सासूबाईंमुळे ती वेळ आली नाही.

आता सँडलकडे येते. आतलं रबर उत्तम. अंगठ्याने दाबलं की दबतं आणि सोडलं की वर येतं. खालचा तळ वेगळा, कडक. खिळा एकही नाही, सगळं चिकटवलेलं आणि शिवलेलं. अंगठा नाही, म्हणजे कोल्हापुरीसारखं बोटांच्या बेचक्यात काही रुतत नाही. (लग्नातल्या कोल्हापुरी मी अजून तेल लावून ठेवल्या आहेत, पण घालत नाही. ते दुःख आहेच.) पहिल्या आठवड्यात रोज एक तास, मग दोन तास, असं करत घातली. ऑक्टोबरात सकाळी रानाच्या कडेने फिरून आले आणि नेहमीप्रमाणे सँडल उलटी करून पाहिली, तर तळात बाभळीचा काटा मोडून बसलेला. पकडीने ओढला, चांगला दोन सेंटिमीटरचा निघाला. आत हात फिरवला तर रबर गुळगुळीत, टोकसुद्धा आलं नव्हतं. तो काटा मी काडेपेटीत ठेवला आहे. सँडलचे १,६५० रुपये त्या दिवशी वसूल झाले.

मग भांडण कशाचं? मागच्या पट्ट्याचं. पाय बधिर असला की चप्पल पायात आहे की नाही हेच कळत नाही. चांगल्या पायाची बोटं चप्पल धरून ठेवतात, बधिर पायाची धरत नाहीत. म्हणून मागचा पट्टा म्हणजे या सँडलचा जीव. आणि नेमक्या त्याच ठिकाणी कंपनीने पैसे वाचवले. रबर चांगलं, तळ चांगला, शिवण चांगली, आणि वेल्क्रो जेमतेम दोन बोटं रुंद, शाळेच्या दप्तराला असतं तसलं. त्याच्या काटेरी बाजूत मोज्यांचे धागे, केस, धूळ अडकते. मी जुन्या दातांच्या ब्रशने घासायचे, सुईने धागे काढायचे. तरी चौथ्या महिन्यात ते चालता चालता सुटू लागलं आणि मग मंडईतला तो प्रसंग घडला.

दुकानात गेले. "वेल्क्रोला वॉरंटी नसते," एवढंच उत्तर. म्हटलं, मग कशाला असते? तर तळाला, सहा महिने. कंपनीचा फोन नंबर दिला. तिथे तीनदा माझी तक्रार लिहून घेतली आणि चौथ्यांदा "नवीन जोड घ्या, दहा टक्के सूट देतो" म्हणाले. शिलाईच्या सामानाच्या दुकानात चांगलं रुंद वेल्क्रो ३० रुपयांना हातभर मिळतं. त्यासाठी मी दीड हजार पुन्हा मोजायचे? दवाखान्यातून चिठ्ठी घेऊन येणाऱ्या माणसाला हे विकता, तर सुटलेल्या पट्ट्याचा अर्थ त्याच्यासाठी काय होतो, हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. तेव्हा लिहिलं असतं तर एकच तारा दिला असता आणि वर लिहिलं असतं की वेल्क्रोची सँडल घेऊच नका, बकलाची घ्या.

बरं झालं लिहिलं नाही. कारण मी स्वतःच आमच्या चौकातल्या गटई स्टॉलवर चपला शिवणाऱ्या मामांकडून वेल्क्रो काढून बकल बसवून घेतलं. घट्ट, मजबूत, सुटायचं नाव नाही. तीन दिवस मी खूश होते. तिसऱ्या रात्री मुलगी माझे पाय बघत होती (सुट्टीला आली की ते काम ती घेते), ती म्हणाली, "आई, घोट्याखाली हे लाल काय?" मी आरसा धरला. बकलाच्या रिव्हेटची मागची बाजू आतून टोचत होती. मला अर्थातच काही जाणवलं नव्हतं. शिवाय माझे पाय संध्याकाळी सुजतात. बकलाची भोकं ठरावीक अंतरावर, त्यामुळे सकाळी बरोबर बसणारा पट्टा संध्याकाळी रुतायचा. वेल्क्रो कुठेही थांबवता येतं, हवं तेवढंच सैल करता येतं. ते का देतात हे मला तेव्हा उमगलं. कल्पना चुकीची नव्हती, माल हलका होता. तेव्हा वेल्क्रो नको, हे माझं म्हणणं मी मागे घेते. हलकं वेल्क्रो नको, हे म्हणणं कायम आहे.

मामांकडे परत गेले. पाय का बधिर आहे, रिव्हेट का चालणार नाही, सगळं सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं, स्वतःचा हात आतून फिरवून पाहिला आणि दोन्ही रिव्हेट उपटून टाकले. आधीच्या दुप्पट रुंदीचं वेल्क्रो फक्त दोऱ्याने शिवलं, आतून मऊ चामड्याचं अस्तर लावलं आणि काटेरी बाजू कातडीकडे येणार नाही अशी बसवली. मजुरी आणि सामान मिळून १२० रुपये. आज पाच महिने झाले, एकदाही सुटलेलं नाही. मोठ्या कंपनीला जे फोनवर चारदा सांगून समजलं नाही, ते मामांना पाच मिनिटांत समजलं. त्यांचा मी जन्मभर मान ठेवीन.

बाकी थोडक्यात. पावसाळ्यात एक जोड पुरत नाही. पट्टे वाळत नाहीत, बोटांच्या बेचक्या ओल्या राहतात आणि तिथे चिखल्या झाल्या की नवीन दुखणं. घरातही अनवाणी चालायचं नाही म्हणून एक जोड फक्त घरातला केला आहे, तो उंबऱ्याबाहेर जात नाही. देवाला जाते ती पहाटे, जाड सुती मोजे घालून. हिवाळ्यात शेकायला गरम पाण्याची पिशवी पायाशी घेत नाही.

सँडलने गेलेली संवेदना परत येत नाही, हेही स्पष्ट सांगते. एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ८.९ वरून ७.२ वर आलं ते जेवण, चालणं आणि वेळेवर गोळ्या यांमुळे. सँडलमुळे एवढंच झालं की मी रोज न घाबरता चालू शकले.

नवव्या महिन्यात उजव्या अंगठ्याच्या मुळाखाली आतलं रबर बसलं. अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहतो. सँडल दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी खड्डा पाहिला आणि पायाला बरोबर त्याच जागी घट्टा सापडला. त्यांनी तो तिथेच तासून काढला. घरी ब्लेड किंवा औषधी पट्टी लावली असती तर फाल्गुन पुन्हा आला असता. रबर बसलं म्हणजे सँडल निकामी, वरून कितीही नवी दिसो. घरातलाही जोड अंगठ्याने दाबून बघावा लागेल.

म्हणून बाहेरचा नवा जोड घेतला, दुसऱ्या दुकानातून, संध्याकाळी पाच वाजता, पाय सुजलेले असताना. कागदावर पावलाची आकृती काढून नेली होती. पैसे देण्याआधी वेल्क्रो वीस वेळा उघडून लावलं. दुकानदार वैतागला, पण मी मोजून वीस वेळा केलं. आतून हात फिरवला, शिवणीची गाठ कुठे येते ते पाहिलं. १,८०० पडले. पट्टा चांगला रुंद आहे.

आज चौथा दिवस. दोन तास घातली, काढली आणि आरशात तळवे पाहिले. उजव्या करंगळीच्या बाजूला किंचित लाल दिसत होतं, ते पंधरा मिनिटांत गेलं. उद्याही दोनच तास.