अंजिरासाठी १८ इंची ग्रो बॅग: काय जमतं, काय दुरुस्त करून घ्यावं लागतं

विदर्भात घरच्या अंजिराला सगळ्यात जास्त त्रास काळ्या मातीचा. जुलै-ऑगस्टमध्ये बुडाशी पाणी साचून मुळं सडतात, उन्हाळ्यात भेगा पडून बारीक मुळं तुटतात. निचरा बरा असला, तर माती कसदार म्हणून झाड नुसतं पाल्यावर जातं. म्हणून अंजीर इथे भांड्यात लावणं हाच शहाणपणाचा मार्ग. कृषी केंद्रात आणि आठवडी बाजारात मिळणारी १८ इंच रुंद, १८ इंच उंच गोल एचडीपीई (विणलेल्या जाड प्लास्टिकची) बॅग त्यासाठी चांगली आहे. मात्र दुकानातून आणली, माती भरली आणि झाड लावलं, असं चालत नाही.

आधी आकार. १२ इंची बॅगेत सुमारे २२ लिटर माती मावते, १५ इंचीत ४३, १८ इंचीत ७५ आणि २४ इंचीत जवळजवळ १७८ लिटर. १२ इंची बॅग रोप वाढवण्यापुरती ठीक, पण तिच्यात फळाची अपेक्षा करू नये. एप्रिलच्या दुपारी ती चार तासांत कोरडी होते आणि झाड हातातली फळं टाकून देतं. २४ इंचीत मुळांना मोकळं रान मिळतं, त्यामुळे पहिली दोन वर्षं काड्याच वाढतात. १८ इंचीत मुळं जेवढी आवरली जायला हवीत तेवढी आवरली जातात, आणि उन्हाळ्यात दिवसभर पुरेल इतका ओलावाही राहतो. भरून भिजवलेली बॅग मात्र ८० किलोच्या आसपास जाते. एकट्याने सरकवायची नाही. बॅगेचे धरायचे बंद पकडून ओढली की शिवण तिथेच उसवते.

सिमेंटची कुंडी थंड राहते, पण तीन वर्षांनी मुळं छाटायला झाड बाहेर काढताना कुंडी तरी फुटते नाही तर झाड तरी. २०० लिटरचा प्लास्टिक ड्रम अर्धा कापून वापरणारे बरेच आहेत. ड्रम मजबूत असतो, फक्त निळा-काळा रंग मे महिन्यात इतका तापतो की कडेची मुळं भाजतात. कापडी जिओ बॅगेत मुळं कडेला येऊन आपोआप खुंटतात, गोल गोल फिरत नाहीत, हा तिचा मोठा गुण. पण ४५ अंशांच्या उन्हात चारही बाजूंनी पाणी उडतं. पाण्याची ददात नसेल आणि ठिबक असेल तरच ती घ्यावी. गावातल्या वाडीसाठी एचडीपीईच बरी.

घेताना किमतीआधी जीएसएम विचारा, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम वजन, त्यावरून जाडी कळते. २२० च्या खालची घेऊ नका, २६० मिळाली तर उत्तम. बॅग उन्हाकडे धरून आतून पाहा. विणीतून सुईच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले तर वरचा थर पातळ आहे, ती दोन उन्हाळ्यांतच पापडासारखी सुटायला लागेल. बाहेरून पांढरी किंवा फिकट हिरवी निवडा. काळी नको.

खरी खोड आहे भोकांची. बऱ्याच बॅगांना भोकं बुडाला नसून बाजूला, बुडापासून इंच-दीड इंच वर असतात. तेवढं पाणी खाली कायम साचून राहतं, आणि अंजिराची मुळकूज तिथूनच सुरू होते. १० मिलिमीटरची सळई तापवून बुडाला सहा-आठ भोकं पाडा. कात्रीने कापू नका, विणीचे दोरे सुटून भोक फाटत जातं. सळईने कड वितळून पक्की होते. प्रत्येक भोकावर कवेलूचा एक तुकडा पुरे. खडीचा जाड थर देण्याची पद्धत सोडून द्या. त्याने निचरा सुधारत नाही, ओली माती फक्त मुळांच्या जवळ येते.

भरताना १० लिटरच्या बादलीने मोजा: मुरमाड तांबडी माती ३ बादल्या, पूर्ण कुजलेलं शेणखत २, भिजवून पिळलेलं कोकोपीट १, जाड रेती १. कन्हान नदीची रेती मिळाली तर छानच. वर २०० ग्रॅम निंबोळी पेंड. वरचे दोन इंच रिकामे ठेवा, म्हणजे पाणी द्यायला जागा राहते. धुऱ्यावरची काळी माती यात एक बादलीही नको. बॅग दोन-तीन विटांवर ठेवा, थेट जमिनीवर नाही. जमिनीवर टेकली की मुळं भोकांतून खालच्या मातीत शिरतात, झाड वर्षभरात दणकट होतं आणि फळ गायब होतं. लोक मग बॅगेला नाही तर रोपाला दोष देतात.

रोप पुना अंजिराचं किंवा दिनकरचं घ्या. या जातींना परागीभवन लागत नाही. स्मर्ना गटातल्या अंजिराला त्याची खास माशी लागते, त्यामुळे असं रोप कितीही वाढवलं तरी कच्ची फळं गळत राहतील. रोपाची पिशवी थोडी फाडून मुळं बघू द्या म्हणून नर्सरीवाल्याला सांगा. मुळांवर गाठी दिसल्या तर सूत्रकृमी आहे, ते रोप घरी आणू नका.

वळण देणं हे या झाडाचं अर्धं काम. मातीपासून दीड ते दोन फुटांवर शेंडा सरळ छाटा. खाली फुटवे येतील, त्यातले वेगवेगळ्या दिशांचे आणि एकमेकांपासून तीन-चार इंच वरखाली असलेले तीन किंवा चार ठेवा. बाकीचे कोवळे असतानाच बोटाने मोडा. ठेवलेल्या फांद्या फूटभर झाल्या की बाहेरच्या बाजूला अर्ध्यापर्यंत वाकवून बांधा. उभ्या फांदीचा सगळा जोर शेंड्याला जातो; आडवी केली की मधले डोळे जागे होतात. सुतळी बॅगेच्या बंदाला बांधू नका, वाऱ्याच्या हिसक्याने शिवण उसवते. बॅगेच्या तोंडावर बांबूच्या कामट्यांचं कडं करून त्याला बांधा. तुराट्या पावसाळ्यात कुजून मोडतात.

दुसऱ्या वर्षापासून छाटणी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, पाऊस सरल्यावर. प्रत्येक मुख्य फांदीवर मागच्या हंगामाच्या काडीचे दोन-तीन डोळे राखून वरचं काढून टाका. काप बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर. काडीकडे जवळून पाहिलं तर पानाच्या व्रणाशेजारी दोन डोळे दिसतात: एक बारीक, टोकदार, तो पानाफांदीचा, दुसरा गोल, फुगीर, तो फळाचा. नव्या फुटीतून झाडावर आठ-दहा काड्याच ठेवा. १८ इंची बॅग याहून जास्त पोसू शकत नाही. काडीला पाच-सहा पानं आली की शेंडा नखाने खुडा. खुडलेल्या काडीवर पानांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढी फळं दिसू लागली की काम बरोबर झालं. प्रत्येक काडीवर चार ते सहा फळं पुरेत.

चीक हातावर घेऊ नका. उन्हात त्याने कातडी भाजल्यासारखी होते. हातमोजे घाला, कापावरचा चीक कोरड्या फडक्याने टिपा आणि मग बोर्डो पेस्ट लावा: १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे अर्ध्या अर्ध्या लिटर पाण्यात भिजवून एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. तयार पेस्टमध्ये लोखंडी पातं बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी आहे, आणखी घाला.

ताण देण्याच्या, म्हणजे बहार धरण्याआधी पाणी तोडण्याच्या बाबतीत संत्र्याचा अनुभव इथे जसाच्या तसा लावू नये. संत्र्याला जमिनीत कित्येक आठवडे ताण द्यावा लागतो, बॅगेतलं अंजीर तीन दिवसांतच मान टाकतं. सप्टेंबरअखेर बॅगेच्या तोंडावर पन्नी बांधून पावसाचं पाणी अडवा, आठवडाभर पाणी निम्म्यावर आणा, खालची पानं पिवळी पडून गळू लागली की थांबा. एवढा ताण पुरे. छाटणीनंतर २ किलो गांडूळखत, १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि १५ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. युरिया नको, पालाच वाढेल.

फळ धरल्यावर पाण्यात खंड पडू देऊ नका. बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं की पाणी. डिसेंबरात एक दिवसाआड ४-५ लिटर आणि मार्चमध्ये रोज ६-८ लिटर असा अंदाज धरा. तीन दिवस विसरून चौथ्या दिवशी भरपूर पाणी दिलं की अंजीर तडकतं, तडकलेल्यात मुंग्या शिरतात. मातीवर तीन इंच सोयाबीनचं कुटार पसरा, फक्त खोडापासून चार बोटं लांब. एप्रिल-मेमध्ये बॅगेभोवती ओला बारदाना गुंडाळा.

या वेळापत्रकाने फळ फेब्रुवारी-मार्चपासून उतरतं, कडक उन्हाच्या आधी. पावसाळ्यातलं खट्टा बहाराचं फळ पाणचट आणि आंबटसर लागतं. ते धरण्यापेक्षा झाड वाढू द्यावं. पावसाळ्यात पानाखाली तांबूस भुकटी दिसली तर तो तांबेरा. गळालेली पानं गोळा करून जाळा आणि एक टक्का बोर्डो, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम चुना, फवारा. बुलबुलासाठी जाळी चालते, माकडांसाठी नाही. माकडं येणाऱ्या गावात बॅग दाराशी ठेवा.

फळ मऊ होऊन मान खाली घातल्यावरच तोडा. देठातून पांढरा चीक निघाला तर घाई झाली, कारण तोडल्यावर अंजिराची गोडी वाढत नाही.

तीन वर्षांनी ऑक्टोबरात छाटणीबरोबरच झाड बाहेर काढा. बॅगेच्या कडेने मुळांची गुंडाळी झालेली असते. विळ्याने चारही बाजूंनी आणि बुडातून दोन इंच कापून नवं मिश्रण भरा, त्याच प्रमाणात वरच्या फांद्याही कमी करा, आठ दिवस सावलीत ठेवा. तोपर्यंत बॅगेची वरची कड बहुधा पांढरी पडून ठिसूळ झालेली असते. ती दुमडून वापरता येते; पण बुडाची शिवण उसवली असेल तर त्याच वेळी नवी बॅग घ्या, कारण फळांनी भरलेल्या झाडाची बॅग मार्चमध्ये बदलता येत नाही.