मोजायची टेप लावली असती तर नऊशे फ्रँक वाचले असते

जुनी स्विस पोस्टर्स विकत घ्यायचा विचार असेल, तर आधी माझं ऐका. नकली पोस्टरपायी माझे नऊशे फ्रँक गेले ते गेले, निदान तुमचे तरी जाऊ नयेत.

नोकरीसाठी झ्युरिकला आल्यापासून स्विस ग्राफिक डिझायनर योझेफ म्युलर-ब्रोकमान यांचं बेथोवेनचं पोस्टर मनात घर करून होतं. १९५५ साली इथल्याच टोनहाले सभागृहातल्या मैफलीसाठी त्यांनी ते केलं. त्यात बेथोवेनचा चेहरा नाही की एखादं वाद्य नाही. नुसत्या कमानी, जाडीत दुपटीदुपटीने वाढत गेलेल्या. बघता बघता सूर चढत जातो.

एका जुन्या बाजारात ते दिसलं. पिवळट कागद, झिजलेले कोपरे. "इतकं लहान कसं?" असं मी विचारलंही. विक्रेते आजोबा शांतपणे म्हणाले, "फ्रेमसाठी कडा कापल्यात." मी लगेच पैसे काढले.

स्वित्झर्लंडमध्ये रस्त्यावरच्या पोस्टरचं माप ठरलेलं: ९०.५ बाय १२८ सेंटिमीटर. त्याला 'वेल्टफॉर्माट' म्हणतात. घरी टेप लावली तर माझं भरलं ७० बाय १००. कडा कापल्या असत्या तर चित्राचाही तुकडा गेला असता ना? इथे कमानी, अक्षरं, सगळं जागच्या जागी, फक्त आकसलेलं. म्हणजे ते कापलेलं नव्हतंच, फोटोवरून लहान करून छापलेलं होतं. कागदाचा पिवळेपणाही पुढून-मागून अगदी सारखा, बुडवून काढल्यासारखा.

मग भिंग लावलं. काळ्या अक्षरांच्या कडांना निळ्या-गुलाबी ठिपक्यांची झालर. फोटोवरून छापलं की काळाही रंगीत ठिपक्यांतून बनतो; मूळ छपाईत असा सपाट काळा रंग एकाच शाईने भरतात, कडा स्वच्छ येते. मात्र ठिपके दिसले की नकली, असं धरून चालू नका. आणखी एक स्विस डिझायनर आर्मिन होफमान यांच्या १९५९ च्या 'जिझेल' या बॅलेच्या पोस्टरवर नर्तकीचा फोटो आहे. फोटो छापायचा तर ठिपके येणारच. म्हणून ठिपके फोटोत आहेत की अक्षरांत, ते बघा.

पुढच्या शनिवारी परत गेलो. आजोबांनी पावतीवर बोट ठेवलं. तिच्यावर फक्त 'पोस्टर, बेथोवेन' आणि रक्कम. 'मूळ' हा शब्द ते तोंडाने दहा वेळा म्हणाले होते, कागदावर एकदाही नाही.

पावतीवर 'मूळ छपाई', तिचं साल आणि सेंटिमीटरमधलं माप लिहून मागा. लिहायला टाळाटाळ झाली तर पैसे काढू नका.