सरकत्या मजकुराची पट्टी: टीकेइंटर, क्यूटी, स्विंग की ब्राउझर?

काम छोटं आहे. खिडकीत ‘नमस्कार मंडळी!’ उजवीकडून डावीकडे सरकत राहतं. क्लिक केलं की दिशा उलटते, स्पेस दाबला की थांबतं, पुन्हा दाबला की चालू होतं. हे पायथनच्या टीकेइंटरमध्ये जमतं, क्यूटीत (पायथनमधून वापरायला पायसाइड ६) जमतं, जावाच्या स्विंगमध्ये जमतं आणि ब्राउझरमध्येही जमतं. चारही ठिकाणी शंभर ओळींच्या आत आटपतं, त्यामुळे ओळी मोजून निवड करण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो टायमर, क्लिक आणि देवनागरी या तीन जागी. तिसरी जागा इंग्रजी धड्यांत सहसा येत नाही, म्हणून आधी तीच बघू.

अक्षरं फिरवू नका, चित्र सरकवा

नवशिक्यांना शिकवला जाणारा उपाय असा: स्ट्रिंगचं पहिलं अक्षर काढायचं, शेवटी चिकटवायचं, आणि हे दर २०० मिलिसेकंदांनी करायचं. इंग्रजीत हे खपून जातं. ‘नमस्कार’ मात्र डोळ्यांना चार अक्षरांचा दिसला तरी युनिकोडमध्ये सात घटकांचा आहे: न, म, स, हलन्त, क, काना, र. तीनदा फिरवलं की हलन्त सगळ्यांच्या पुढे येतो, पाचदा फिरवलं की काना. आधाराला व्यंजन नसलं की बहुतेक फॉन्ट तिथे ठिपक्यांचं वर्तुळ काढतात. पट्टी फिरते खरी, पण एकट्या ‘नमस्कार’मुळेच दर फेरीत दोनदा फाटते.

एकेक अक्षर उमटवणाऱ्या ‘टंकलेखन’ परिणामातही हाच घोळ आहे. आधी ‘स’ दिसतो, मग ‘स्’, मग एकदम ‘स्क’, आणि रुंदी प्रत्येक वेळी बदलल्यामुळे ओळ थरथरते. तो परिणाम हवाच असेल तर मजकूर अक्षरगुच्छांत (डोळ्यांना एकच अक्षर दिसणाऱ्या तुकड्यांत) तोडावा लागतो. ब्राउझरमध्ये त्यासाठी इंटल सेगमेंटर आहे, जावात ब्रेक इटरेटर (जेडीके या जावाच्या विकास-संचाच्या २० व्या आवृत्तीपासून तो विस्तारित गुच्छ ओळखतो), क्यूटीत टेक्स्ट बाउंडरी फाइंडर. पायथनच्या मूळ संचात ३.१४ आवृत्तीपर्यंत असं काही नाही, बाहेरचं रेजेक्स मॉड्यूल घ्यावं लागतं. त्यातही एक मेख आहे. जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम युनिकोडमध्ये १५.१ आवृत्तीपासून (२०२३) आला. साधन त्याआधीचं असेल तर ‘स्का’चे ‘स्’ आणि ‘का’ असे दोन तुकडे पडतात.

नुसती सरकती पट्टी हवी असेल तर या भानगडीत पडूच नका. अख्खा मजकूर एकदाच रेखाटायचा आणि त्याचा क्ष-निर्देशांक बदलायचा. अक्षर तुटण्याचा प्रश्नच उरत नाही आणि हालचालही गुळगुळीत होते.

हिशोब चारही ठिकाणी एकच. वेग पिक्सेल प्रति सेकंदात ठरवा, ६० पासून सुरुवात करा. टायमरच्या दर फेरीत मागच्या फेरीपासून किती वेळ गेला ते मोजा, वेगाने गुणा, दिशेने (+१ किंवा −१) गुणा आणि क्ष मध्ये मिळवा. मजकुराची रुंदी अधिक ८० पिक्सेल मोकळी जागा म्हणजे एक टप्पा. पट्टी भरेल इतक्या प्रती एकेका टप्प्याच्या अंतरावर काढा, वर एक जादा. क्ष वजा-टप्प्याच्या खाली गेला की त्यात टप्पा मिळवा. उलट दिशेला शून्याच्या वर गेला की टप्पा वजा करा. इथे ‘क्ष = ०’ लिहायचा मोह होतो, पण त्यात उरलेले अपूर्णांक पिक्सेल गळतात आणि दर टप्प्याला बारीक हिसका बसतो.

टीकेइंटर

पायथनच्या विंडोज इन्स्टॉलरसोबतच येतं, लिनक्सवर बऱ्याचदा वेगळं पॅकेज टाकावं लागतं. लेबलऐवजी कॅनव्हास घ्या. ‘क्रिएट टेक्स्ट’ने मिळालेला क्रमांक जपून ठेवा, ‘मूव्ह’ने सरकवा, रुंदी ‘बीबॉक्स’मधून काढा.

टायमर म्हणजे ‘आफ्टर’. तो एकदाच वाजतो, म्हणून फंक्शनच्या शेवटी पुन्हा लावावा लागतो. इथे नेहमीच्या तीन चुका होतात. पहिली: फंक्शनच्या नावापुढे कंस देणं. मग ते थांबून न चालता तिथल्या तिथे स्वतःलाच बोलावत राहतं आणि रिकर्शन एरर येते. दुसरी: ‘आफ्टर’ऐवजी ‘स्लीप’ वापरणं. त्याने खिडकी गोठते, कारण क्लिक ऐकणारा आणि झोपलेला धागा (थ्रेड) एकच असतो. तिसरी: ‘सुरू’ बटण दोनदा दाबल्यावर दोन साखळ्या चालू होणं आणि वेग दुप्पट होणं. यावर उपाय म्हणजे ‘आफ्टर’ने परत दिलेली ओळख साठवायची आणि नवी साखळी लावण्याआधी ‘आफ्टर कॅन्सल’ करायचं.

मोठी उणीव वेगळीच आहे. विंडोज आणि मॅकवर देवनागरी नीट जुळते, पण लिनक्सवर टीके ८.६ अक्षरजुळणी करत नाही. पहिली वेलांटी व्यंजनाच्या मागे पडते, जोडाक्षरं हलन्तासकट सुटी दिसतात. कोडमध्ये काही करून हे सुधारत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत लिनक्स असेल आणि मजकूर मराठी असेल तर टीकेइंटर इथेच बाद.

क्यूटी

मराठी मजकुराचं डेस्कटॉप साधन बनवायचं तर माझं मत यालाच. अक्षरजुळणी हार्फबझ करतं, त्यामुळे लिनक्सवरही ‘स्थिती’ स्थितीच राहते. किंमत म्हणजे आकार. पायसाइडचं पूर्ण पॅकेज शेकडो मेगाबाइटचं आहे. पट्टीसाठी ‘एसेन्शियल्स’ हा धाकटा संच पुरतो. परवाना आधीच पाहा: पायसाइड एलजीपीएलखाली मिळतं, त्याचा पर्याय पायक्यूटी जीपीएल (आपलाही कोड त्याच परवान्याखाली खुला करायला लावणारा) किंवा विकतच्या परवान्याखाली. विकायच्या सॉफ्टवेअरला हा फरक लहान नाही.

‘क्यू टायमर’ १६ मिलिसेकंदांवर लावा, ‘पेंट इव्हेंट’मध्ये मजकूर काढा, टायमर दर वेळी वाजला की ‘अपडेट’ बोलवा. ‘रीपेंट’ नको, ते ताबडतोब रंगवायला लावतं, तर ‘अपडेट’ अनेक मागण्या एकत्र करतं. टायमरचा मूळ प्रकार ‘कोर्स’ (ढोबळ) असतो, म्हणजे ५ टक्क्यांपर्यंत मागेपुढे. तो ‘प्रिसाइज’ करा.

‘प्रॉपर्टी ॲनिमेशन’ दिसायला सोपं वाटतं, पण पायथनमध्ये ते स्थानिक चलात ठेवलं तर फंक्शन संपताच नष्ट होतं. पट्टी जागची हलत नाही आणि चूकही दाखवली जात नाही. ते ‘सेल्फ’वर बांधा. शिवाय लेआउटमधलं लेबल असं सरकवलं तर खिडकीचा आकार बदलताच लेआउट त्याला पुन्हा जागेवर बसवतो. लेबलला ‘क्लिक्ड’ सिग्नलही नसतो, ‘माउस प्रेस इव्हेंट’ स्वतः लिहावा लागतो.

स्विंग

अभ्यासक्रमात जावा असेल किंवा कार्यालयातलं जुनं जावा सॉफ्टवेअर वाढवायचं असेल तरच. तसं असेल तर ते तक्रारीला जागा देत नाही. जेडीके ९ पासून इथेही हार्फबझ आहे.

टायमर नावाचे दोन वर्ग आहेत, एक स्विंगच्या पॅकेजमध्ये, दुसरा युटिलच्या. दोन्ही पॅकेजं तारांकित आयात केली की कंपायलर ‘संदिग्ध’ म्हणून अडतो. स्विंगचाच घ्या. युटिलचा टायमर वेगळ्या धाग्यावर चालतो आणि तिथून खिडकीला हात लावणं धोक्याचं. ‘पेंट कॉम्पोनंट’मध्ये आधी ‘सुपर’ला बोलवा, नाहीतर जुना मजकूर पुसला न जाता शेपटासारखा मागे राहतो. क्लिकसाठी ‘माउस क्लिक्ड’पेक्षा ‘माउस प्रेस्ड’ बरा. दाबून सोडताना हात हलला तर पहिला वाजतच नाही, आणि सरकत्या गोष्टीवर हात हलतोच.

ब्राउझर

पट्टी इतरांना पाठवायची असेल तर प्रश्नच मिटला. समोरच्याला काहीच बसवावं लागत नाही. ‘मार्की’ टॅग अजून चालतो, पण मानकाने तो कालबाह्य ठरवला आहे. नव्या कामात नको.

सीएसएसची की-फ्रेम एका दिशेच्या पट्टीला उत्तम. क्लिकवर दिशा उलटवायची म्हटलं की मात्र गाडी अडते. चालू ॲनिमेशनची ‘डायरेक्शन’ बदलली तर मजकूर एकदम दुसऱ्या जागी उडी मारतो. स्क्रिप्टमधल्या ‘रिव्हर्स’ने उडी टळते, पण दुसराच पेच येतो: तिसऱ्या सेकंदाला उलटवलं तर ते तीन सेकंद मागे जातं आणि शून्यावर पोचून संपतं. पुढे अनंत, मागे मात्र सुरुवातीपर्यंतच.

म्हणून ‘रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेम’ आणि वरचा हिशोब. ठरावीक पिक्सेल मिळवू नका. ६० हर्ट्झच्या पडद्यावर बरोबर चालणारी पट्टी १४४ हर्ट्झवर जवळजवळ अडीचपट धावते. टॅब मागे गेला की फ्रेम थांबतात आणि परत आल्यावर गेलेला वेळ भलामोठा निघतो, म्हणून एका फेरीचा वेळ ५० मिलिसेकंदांवर छाटा. घटकातला मजकूर बदलू नका, फक्त ‘ट्रान्सफॉर्म’ बदला. दिशेसाठी खरं बटण वापरलं असेल तर स्पेस म्हणजेच क्लिक होतो, तेव्हा ‘थांबा’चं बटण वेगळं द्या. ते तसंही लागतंच: आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांपेक्षा जास्त काळ इतर मजकुराशेजारी हलणारी गोष्ट थांबवता यायला हवी, असं वेब सुलभतेचं मानक (२.२.२) सांगतं.

| | बसवणं | टायमर | लिनक्सवर देवनागरी | दिशा उलटवणं |
|---|---|---|---|---|
| टीकेइंटर | बहुधा आयतं | आफ्टर, एकदाच वाजतो | तुटते | सोपं |
| क्यूटी | जड | क्यू टायमर, प्रिसाइज | नीट | सोपं |
| स्विंग | जेडीके हवं | स्विंगचा टायमर | नीट | सोपं |
| ब्राउझर | काही नाही | ॲनिमेशन फ्रेम | नीट | सीएसएसने अवघड, स्क्रिप्टने सोपं |

चारही ठिकाणी एक गोष्ट जरूर करा: क्लिक मजकुराला न बांधता अख्ख्या पट्टीला बांधा. टीकेइंटरचं ‘टॅग बाइंड’ फक्त मजकुरावरचा क्लिक पकडतं, आणि पळतं अक्षर नेमकं टिपणं वापरणाऱ्याचं काम नव्हे.